कलमाआधी कागद : कोकणातील विधी महाविद्यालयात शिकवताना

कोकणात ‘कलम’ म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा हापूसचे झाड येते; कायद्यातले कलम त्यानंतर. पहिल्या वर्षाच्या वर्गात यावरून दरवर्षी हशा होतो. सिंधुदुर्गात वकिली करता करता मी तासिका तत्त्वावर शिकवू लागलो तेव्हा त्या हशात सामील होऊन पुढे जात असे. शिकवण्याचा क्रमही हाच असायला हवा, हे बऱ्याच उशिरा लक्षात आले. झाड कोणाच्या हद्दीत आहे, ते कोणी लावले, गेली वीस-पंचवीस वर्षे त्याचे आंबे कोण उतरवतो आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, एवढे विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढल्यावर जे कलम सांगावे ते त्याच्याजवळ राहते. आधी कलम सांगून मग ‘अ ने ब ला जमीन विकली’ असे उदाहरण दिले तर ते परीक्षेपुरते टिकते. पुढे जे सुचवले आहे ते चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांचा वर्ग, बेताचे ग्रंथालय आणि जवळच तालुक्याचे न्यायालय असलेल्या महाविद्यालयातील शिक्षकांसाठी आहे.

न्यायनिर्णयांवरून कायदा शिकवण्याची पद्धत क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० मध्ये हार्वर्डच्या विधी शाळेचे अधिष्ठाता झाल्यावर रुजवली. आपल्याकडे तिचे रूप बहुतेक ठिकाणी ‘वस्तुस्थिती, मुद्दा, निर्णय’ असे तीन मथळे वहीत उतरवून घेण्यापुरते उरले आहे. निर्णय वाचायलाच हवेत, याबद्दल वाद नाही. परंतु अपिलातील निर्णयात वस्तुस्थिती आधीच चाळून, निवडून, दोन-तीन परिच्छेदांत बसवून दिलेली असते. कणकवलीत किंवा चिपळूणमध्ये काम करणाऱ्या वकिलाचे निम्मे कसब ती चाळणी लावण्यातच खर्ची पडते, आणि नेमके तेच वर्गात कोणी शिकवत नाही. म्हणून सुरुवात निर्णयाने न करता फाइलने करावी.

एका वाटेची फाइल

सत्रारंभी शिक्षकाने एका कल्पित दाव्याची फाइल स्वतः तयार करावी. तिला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, पण ती चार-पाच वर्षे चालते. माझी फाइल वाटेच्या वादाची आहे. एका वृद्ध बाईंची कलमबाग शेजाऱ्याच्या बागेपलीकडे आहे. पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारी पायवाट त्यांचे कुटुंब वापरत आले. शेजाऱ्याचा पुतण्या मुंबईहून गावी परतला आणि त्याने जांभ्या दगडाचा गडगा घालून ती वाट बंद केली. फाइलमध्ये दोन सातबारे, दोन फेरफार, मोजणीचा नकाशा, एक साधी नोटीस आणि चार लोकांचे हस्तलिखित जबाब असतात. सातबारा आपल्या ओळखीच्या जमिनीचा घेऊन गट क्रमांक आणि नावे बदलली की नमुना हुबेहूब होतो. एका जबाबात मुद्दाम एक चूक ठेवावी, एका फेरफारात एका वारसाचे नाव गाळावे, आणि हे कोणालाही सांगू नये.

गडगा घातल्याची तारीख निवडताना मात्र विचार करावा. शेतीकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण ती अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत मागावी लागते. ही मुदत अभ्यास चालू असताना, साधारण तिसऱ्या आठवड्यात संपेल अशी तारीख मी फाइलमध्ये घालतो आणि गप्प राहतो. दरवर्षी निम्म्याहून अधिक गट दिवाणी दाव्याचा सुंदर मसुदा लिहिण्यात गुंग असतात आणि स्वस्त, जवळचा दरवाजा त्यांच्यासमोर बंद होतो. त्या दिवशी मुदतीचा कायदा शिकवायला घ्यावा. फळ्यावर काही लिहावे लागत नाही.

पक्षकाराची भूमिका वर्गातील विद्यार्थ्याला देऊ नये, कारण तो कायद्याच्या भाषेत उत्तरे देतो. त्यापेक्षा उपाहारगृहातील मावशी, एखाद्या सहकाऱ्याची आई, निवृत्त ग्रामसेवक अशा कोणाला तरी विनंती करावी. त्यांना गोष्ट समजावून सांगावी आणि एक गोष्ट विचारल्याशिवाय बोलायची नाही, असे बजावावे. माझ्या फाइलमधील ती दडवलेली गोष्ट अशी : दरवर्षी आंबे उतरवायच्या आधी हे कुटुंब शेजाऱ्याला ‘जाऊ ना?’ म्हणून विचारत असे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वाटेचा हक्क वहिवाटीने मिळवायचा तर ती वाट २० वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्क म्हणून वापरलेली असावी लागते. परवानगीने केलेला वापर त्यात बसत नाही. तेव्हा ते विचारणे ही परवानगी होती की शेजारधर्म होता, यावर अख्खा दावा उभा राहतो किंवा पडतो, आणि हा प्रश्न जो गट विचारत नाही त्याला तो उलटतपासात भेटतो.

आमच्याकडे ही भूमिका करणाऱ्या आजींना एका विद्यार्थ्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘आजी, तुमचा वहिवाटीचा हक्क किती वर्षांचा आहे?’ आजी म्हणाल्या, ‘हक्क बिक्क माका ठावक नाय, बाबू. माज्या सासऱ्यान ही कलमा लावल्यान, तेवापासून आमी हयसूनच जातव.’ विद्यार्थ्याने वहीत लिहिले : ‘हक्काबाबत माहिती नाही.’ वास्तविक आजींनी वाटेचे वय सांगून टाकले होते. कलमांचे वय काढले की झाले. असा क्षण हाती लागला की मुलाखत तिथेच थांबवावी, वहीतली नोंद वाचून दाखवावी आणि आजी नेमके काय म्हणाल्या ते वर्गाकडून आठवून घ्यावे.

भाषेचा मुद्दा इथे अधिक तपशिलाने घ्यावा लागतो, कारण कोकणातील विद्यार्थ्याला व्यवसायात तीन भाषांमधून वाट काढायची असते. साक्षीदार मालवणीत किंवा संगमेश्वरीत बोलतो, तालुका न्यायालयाची नोंद प्रमाण मराठीत होते आणि उच्च न्यायालयात तेच इंग्रजीत वाचले जाते. आमच्या फाइलमधील एका जबाबात ‘पावसात वाट मोडली’ असे आहे आणि दुसऱ्यात ‘पावसात वाट मोडल्यान’ असे आहे. मालवणी न बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन्हींचे ‘वाट मोडली’ असेच मराठी केले. पहिल्या वाक्यात वाट आपोआप, वापर नसल्याने, रान वाढून मोडली. दुसऱ्यात ती ‘त्याने’ मोडली. शेवटच्या एका ‘न’मध्ये कर्ता दडलेला आहे. पहिला अर्थ प्रतिवादीला वाट सोडून दिल्याचा बचाव देतो, कारण २० वर्षे वापर पूर्ण थांबल्यास वाटेचा हक्क संपतो. दुसरा अर्थ वादीला दाव्याचे कारण देतो. म्हणून प्रत्येक गटाने एक जबाब बोलीत ऐकून मराठीत आणि मग इंग्रजीत उतरवावा, आणि दुसऱ्या गटाने तो इंग्रजीतून परत मराठीत आणावा. मूळ जबाबाशी ताडून पाहिल्यावर काय हरवले ते कोणी सांगावे लागत नाही. मालवणी बोलणारी, एरवी मागच्या बाकावर बसणारी मुले या तासाला वर्गाचे शिक्षक होतात, हा जास्तीचा फायदा.

मुलाखतीनंतर अर्ध्या गटांनी दावा आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, तर उरलेल्यांनी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, लिहावी. दावा तीन पानांपेक्षा मोठा नसावा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६, नियम २ दाव्यात महत्त्वाची वस्तुस्थिती मागतो, पुरावा मागत नाही. हे वाक्य पाठ असलेले विद्यार्थीही पहिल्या मसुद्यात साक्षीदारांची नावे आणि त्यांनी काय सांगितले ते लिहून ठेवतात. अशा ओळी शिक्षकाने न खोडता फक्त समासात उभी रेघ ओढून परत द्याव्यात. कैफियतीसाठी कायद्यातील ३० दिवसांच्या जागी ५ दिवस द्यावेत आणि उशीर झाल्यास विलंब माफीचा अर्ज मागावा, तोंडी कारण ऐकून घेऊ नये. मुद्दे काढण्याचे काम दोन्ही बाजूंनी एकत्र बसून करावे. मनाई अर्जावरची सुनावणी प्रत्येकी १५ मिनिटांची ठेवावी आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर शक्य असल्यास निवृत्त शिरस्तेदार, म्हणजे न्यायालयाच्या कचेरीतला मुख्य कारकून, बसवावा. हा सल्ला काहींना विचित्र वाटेल. परंतु वकिलांचे हजारो अर्ज कोणत्या क्षुल्लक कारणाने परत गेले ते त्याच्याइतके कोणी पाहिलेले नसते. सुनावणी संपल्यावर बाजू बदलून पुन्हा एकदा घ्यावी. दुसऱ्या फेरीत युक्तिवाद निम्म्याने लहान होतात.

याच फाइलला जोडून पंचनाम्याचा एक सोपा पाठ करता येतो. महाविद्यालयाच्या आवाराजवळ एखादा जुना गडगा, विहीर किंवा व्हाळ (ओढा) निवडावा. एका गटाने टेप घेऊन तिथला पंचनामा लिहावा आणि दुसऱ्या गटाने केवळ तो कागद हातात घेऊन ती जागा शोधावी. आमच्या पहिल्या प्रयत्नात एक गट पंचनाम्याबरहुकूम चालत सायकल तळावर पोहोचला, कारण लिहिणाऱ्यांनी समुद्राची बाजू पूर्व मानली होती. रोज त्याच समुद्रात सूर्य मावळताना पाहणाऱ्या मुलांनी ही चूक करावी, यावर मी अजून विचार करतो. पाऊस ओसरल्यावर, मोहोर येण्याआधी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात हा पाठ घ्यावा. एप्रिल-मेमध्ये निम्मा वर्ग आंब्याच्या पेट्या भरण्यात असतो.

निर्णय शेवटी वाचावा : महाडचे उदाहरण

फाइलचा सराव झाल्यावर मोठे निर्णय शिकवताना हाच क्रम ठेवता येतो. रूढीचा कायदा शिकवण्यासाठी कोकणाबाहेर जाण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेपासून ठाऊक असते. त्यानंतर त्या तळ्यावरून दिवाणी दावा झाला, डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि दुसऱ्या सत्याग्रहासाठी जमलेल्या परिषदेने तो हुकूम लक्षात घेऊन तळ्यावर जाणे पुढे ढकलले, हे फार थोड्यांना माहीत असते. दावा नऊ वर्षांहून अधिक चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या प्रकरणात वादींचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी सिद्ध झाली नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला निर्णय देऊ नये. वादींचे म्हणणे एवढेच सांगावे, की तळे सवर्ण हिंदूंचे आहे, ते वापरण्याचा हक्क केवळ त्यांना आहे, तसे जाहीर करावे आणि प्रतिवादींना मनाई करावी. मग प्रश्न द्यावेत : मालकी कोणत्या कागदाने सिद्ध करणार? रूढी किती जुनी असावी लागते, आणि ती दाखवायला साक्षीदार कोण आणाल? ज्या गोष्टीचा कोणी प्रयत्नच केला नव्हता ती ‘मनाई’ होती असे म्हणता येते का? प्रतिवादीचे वकील म्हणून तुम्ही समतेच्या तत्त्वावर भर द्याल की पुराव्याच्या भारावर? बहुतेक विद्यार्थी उत्साहाने घटनेचे अनुच्छेद १५ आणि १७ सांगू लागतात. घटना १९५० ची आणि निकाल १९३७ चा, याची आठवण तेव्हा शांतपणे करून द्यावी. त्यानंतर वाचलेला निर्णय वेगळा दिसतो, कारण जे शस्त्र हाती नव्हते त्याच्याशिवाय हा दावा कसा लढवला गेला ते आता त्यांना पाहायचे असते. मनाई हुकूम पाळावा की मोडावा, या प्रश्नावर एक पूर्ण तास सोडून द्यावा आणि शिक्षकाने आपले मत सांगू नये.

गणपतीच्या सुट्टीतील वंशावळ

गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि एरवी मुंबई-ठाण्यात विखुरलेले सहहिस्सेदार एका माजघरात भेटतात. या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने चार पिढ्यांची वंशावळ काढून आणावी. सुट्टीनंतर वर्गात त्यावरून हिस्से काढावेत. हिंदू कुटुंबासाठी १९५६ चा उत्तराधिकार कायदा, ९ सप्टेंबर २००५ पासूनची दुरुस्ती आणि विनिता शर्मा प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निर्णय लागतो, ज्यात मुलीचा सहदायादीचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील वाट्याचा, हक्क जन्मानेच येतो आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे ठरले. कोकणी मुस्लिम विद्यार्थ्याची वंशावळ मुस्लिम वारसा कायद्याने आणि सावंतवाडीकडच्या ख्रिस्ती विद्यार्थ्याची १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने सोडवावी. तीन वंशावळी फळ्यावर शेजारी शेजारी काढल्यास व्यक्तिगत कायद्याचे महिनाभराचे व्याख्यान वाचते.

यात एक खबरदारी मी अनुभवाने शिकलो. पहिल्या वर्षी मी खऱ्या सातबाऱ्यासह वंशावळ मागवली. एका मुलाच्या लक्षात आले की आजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात त्याच्या दोन्ही आत्यांची नावे नाहीत आणि हक्कसोडपत्रही झालेले नाही. त्याने आरतीनंतर सर्वांसमोर तो प्रश्न काढला. प्रश्न कायद्याने अगदी बरोबर होता. त्या घरातला गणपती मात्र त्या वर्षी दीड दिवसातच उरकला. तेव्हापासून नावे, गाव आणि गट क्रमांक बदलूनच वंशावळ स्वीकारावी, तसेच चालू तंटा असलेल्या घराच्या विद्यार्थ्याला फाइलमधलीच वंशावळ द्यावी, असा नियम केला आहे. फेरफार नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही, ती महसुलाच्या सोयीसाठी असते, हेही याच वेळी सांगावे. अन्यथा अर्धवट कळलेला कायदा घराघरांत जातो.

दैनंदिनी, यंत्र आणि गुण

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रात्यक्षिकाच्या प्रश्नपत्रिकेत अभिरूप न्यायालयाला (मूट कोर्टाला) ३०, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहण्याला ३०, पक्षकाराची मुलाखत, खटल्यापूर्वीची तयारी व कार्यानुभवाची दैनंदिनी यांना ३० आणि तोंडी परीक्षेला १० गुण आहेत. वर सांगितलेली फाइल या चौकटीत सहज बसते. तिच्यासाठी कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. खरी दुर्दशा दैनंदिनीची आहे. एका महाविद्यालयात तपासायला आलेल्या दोन दैनंदिन्यांत एकाच दिवशीच्या एकाच साक्षीचे सारखेच वर्णन होते, आणि तो दिवस रविवार होता. त्यावर ओरडून उपयोग नाही. दैनंदिनीचा नमुना बदलावा. विद्यार्थ्याने पाहिलेल्या खटल्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहावा, ई-कोर्ट्स संकेतस्थळावरची त्या तारखेची नोंद जोडावी आणि तीनच प्रश्नांची उत्तरे लिहावीत : पुकारा झाल्यावर प्रकरण का पुढे गेले किंवा का गेले नाही, कोणता कागद कोणत्या निशाणीला (पुराव्यातील क्रमांकाला) लागला, आणि साक्षीदाराला न समजलेला प्रश्न कोणता. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने अपिलाची सुनावणी दाखवायला घाट चढून एका दिवसात जाऊन येता येते. रायगडच्या विद्यार्थ्यांना मात्र मुंबईच गाठावी लागते.

फौजदारी कायद्यात नव्या संहिता लागू झाल्याची १ जुलै २०२४ ही तारीख फळ्यावर कायम लिहिलेली असावी. मारामारी २८ जूनला झाली आणि फिर्याद ३ जुलैला नोंदली, असे उदाहरण दिल्यास गुन्ह्याचे कलम भारतीय दंड संहितेचे आणि तपासाची पद्धत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, हा गुंता दहा मिनिटांत सुटतो. जुन्या-नव्या कलमांचे तक्ते पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये.

विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणार, हे गृहीत धरावे. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने जून २०२३ मध्ये अस्तित्वात नसलेले निर्णय उद्धृत करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला होता. ही बातमी सांगून भागत नाही. वाटेच्या फाइलवर यंत्राकडून एक टिपण लिहून घ्यावे, त्याची छापील प्रत वाटावी आणि त्यातील प्रत्येक दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या मोफत ई-एससीआर या ऑनलाइन निर्णयसंग्रहात शोधून ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘आहे, पण असे म्हणत नाही’ यांपैकी एक शेरा लिहायला सांगावे. तिसरा शेरा देणाऱ्याला सर्वाधिक गुण द्यावेत, कारण त्यासाठी निर्णय वाचावा लागतो.

गुण देताना मसुद्याच्या सुबकतेपेक्षा दुरुस्तीला वजन द्यावे : पहिला आणि तिसरा मसुदा एकत्र टाचून घ्यावा आणि फरकावर गुण द्यावेत. मुंबई विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला प्रत्येकाने बसायचेच असते. त्यामुळे प्रत्येक पाठाच्या शेवटी त्यावर येऊ शकणारा एक दीर्घोत्तरी प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घ्यावा. पालक आणि प्राचार्य दोघेही त्याने निश्चिंत होतात.

वर्षअखेरीस फाइलमधील सर्व कागद निशाणी क्रमांकाने लावून पत्र्याच्या पेटीत ठेवावेत, कारण इथल्या पावसाळ्यात उघड्या कपाटातल्या कागदाला जुलैपर्यंत बुरशी येते. पुढच्या तुकडीला देण्यापूर्वी नावे, तारखा आणि दडवलेली गोष्ट बदलावी. यंदा आमच्या आजी परवानगी मागत नव्हत्या; त्या दरवर्षी शेजाऱ्याकडे एक पायली भात पोहोचवत असत, आणि ते कशापोटी, हे अजून एकाही गटाने विचारलेले नाही.